माजी सैनिक इतक्या वर्षांनी युद्धावर कविता का लिहितात? आणि त्यांत प्रत्यक्ष लढाई फारशी का दिसत नाही?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि मामा आठवला. मामा 71 च्या लढाईत होता. तिकडे काय झालं असं विचारलं की एवढंच सांगायचा: काड्यापेटी भिजली होती, एकच विडी कशीबशी पेटली, ती तिघांत फिरवली. बाकीचे दोघं कोण, पुढे त्यांचं काय झालं, ते कधीच नाही. आम्हा पोरांना रणगाडे हवे असायचे. मामाला गोष्ट सांगता येत नाही, असं आमचं ठाम मत होतं.

ते मत बदललं युसेफ कोमुन्याका वाचल्यावर. हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय कवी 1969-70 च्या सुमारास व्हिएतनाममध्ये लष्करी वर्तमानपत्राचा बातमीदार होता. म्हणजे लिहिणं हेच काम. तरी त्या युद्धावर कविता यायला चौदाएक वर्षं गेली. 1984 मध्ये तो न्यू ऑर्लिन्समध्ये एका घराची डागडुजी करत होता. छत उंच, हा शिडीवर, आणि वही शेजारच्या खोलीत. ओळ सुचली की उतरायचं, जाऊन लिहायचं, परत चढायचं. तुमच्या ‘का’चं निम्मं उत्तर मला या शिडीत दिसतं. हात भलत्याच कामात गुंतले होते म्हणून ते आलं. ‘चला, आता व्हिएतनामवर लिहू’ म्हणून टेबलाशी बसला असता तर बहुधा आलं नसतं.

त्याची ‘फेसिंग इट’ ही कविता वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकासमोर घडते. 1982 मध्ये उभी राहिलेली ती काळी भिंत, तिच्यावर मेलेल्या आणि बेपत्ता अमेरिकी सैनिकांची 58 हजारांवर नावं. (तो काळा ग्रॅनाइट बंगळूरजवळच्या खाणीतला आहे, जाता जाता.) दगडाला आरशासारखी झिलई आहे. नावं वाचायला गेलं की आधी आपलाच चेहरा दिसतो, आणि याचा काळा चेहरा त्या काळ्या दगडात विरून जातो. रडायचं नाही असं ठरवून आलेला हा माणूस नावं वाचत जातो, मध्येच स्वतःचं नाव सापडेल अशी अर्धवट धास्ती घेऊन. एका नावावर बोट ठेवतो आणि सुरुंगाचा पांढरा लख्ख उजेड दिसतो. लढाई म्हणाल तर कवितेत एवढीच, एका ओळीपुरती. शेवटी त्याला दगडात एक बाई नावं पुसताना दिसते. मग कळतं, पुसत नाहीये, ती एका मुलाचे केस विंचरतेय.

सगळेच इतके थांबतात असंही नाही. पहिल्या महायुद्धातला इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन 1917 मध्ये एडिंबराजवळच्या लष्करी इस्पितळात मनावरच्या आघातावर उपचार घेत होता, तिथेच त्याने लिहिलं. विषारी वायूवरच्या त्याच्या कवितेत एका सैनिकाला मुखवटा वेळेत चढवता येत नाही. हे सगळं आपण मुखवट्याच्या काचेतून पाहतो, हिरवं, धुरकट, पाण्यात बुडणारा माणूस पाहावा तसं. शत्रू कुठेच नाही. देशासाठी मरणं गोड असतं हे जुनं लॅटिन वचन मात्र तो शेवटी खोटं ठरवतो. बरा होऊन तो आघाडीवर परतला आणि 4 नोव्हेंबर 1918 ला, युद्ध थांबायच्या आठवडाभर आधी मारला गेला. तो थांबला असता तर आपल्याकडे काहीच उरलं नसतं.

लढाई दिसत नाही म्हणता, तर मला वाटतं तिथे असलेल्याला लढाई अशी दिसतच नाही. नकाशा आणि बाण वरून बघणाऱ्याला दिसतात. याच्या वाट्याला काच येते, नाहीतर ओली काड्यापेटी.

वाचायचं असेल तर भिंतीवरच्या कवितेपासून सुरुवात करा. पानभराची आहे, इंग्रजीही सोपं आहे. ओवेन नंतर, आणि रात्री झोपायच्या आधी नको.

मामाला ती वाचून दाखवायची राहिली.