बोअरचं पाणी आणि तांबडं झालेलं कूलंट

प्रश्न : दादा, माझी पेट्रोलची छोटी गाडी आहे, ९ वर्षं झाली. परवा यवतेश्वरचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा वर गेला, थांबून गार झाल्यावर बघितलं तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी-औषधाचं मिश्रण) चहासारखं तांबडं. गेल्या उन्हाळ्यात कमी झालं होतं तेव्हा घरचं बोअरचं पाणीच ओतलं होतं. घरी बदलता येईल का? आणि साधं पाणी चालतं का?
– एक वाचक भगिनी, कोडोली, सातारा

उत्तर : ताई, घरी नक्की बदलता येतं, पण बोअरचं पाणी परत टाकू नका. गिझरची कॉईल त्या पाण्यानं कशी पांढरी होते बघितलंच असेल, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तांबडा रंग म्हणजे आत गंज धरलाय, कूलंटमधलं गंज रोखणारं औषध संपलंय. शिवाय नुसतं पाणी साताऱ्याच्या उंचीवर १०० डिग्रीच्या जरा आधीच उकळतं, तेच निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर असलं आणि झाकण प्रेशर धरत असलं तर १२० च्या पुढं जातं, घाटात हाच फरक कामाला येतो.

काम सकाळी करा, गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाहीच, खंबाटकीत मी एकदा घाई केली होती, वाफेनं भाजल्याचा डाग मनगटावर अजून आहे. खाली पसरट टब ठेवा, झाकण काढा आणि रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग सोडा. तो बहुतेक प्लास्टिकचा असतो, ९ वर्षांत कडक होऊन ठिसूळ झालेला, त्यामुळं पक्कड लावू नका, हातानंच फिरवा. नसेल तर खालच्या होज पाईपची क्लिप ढिली करा. मग प्लग बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरा, झाकण लावा, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन पंखा लागेपर्यंत चालवा, पूर्ण गार होऊ द्या, काढा, स्वच्छ पाणी येईपर्यंत परत तेच.

आता बरेच जण चुकतात ती गोष्ट. सगळं पाणी खाली येत नाही, बरंचसं इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहतं. समजा मॅन्युअलमध्ये एकूण ५ लिटर दिलंय आणि खाली आलं ३.२, म्हणजे आत १.८ लिटर पाणी आहेच, त्यावर तयार मिक्स कूलंट ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट आणा, आधी ते २.५ लिटर ओता आणि उरलेलं ०.७ डिस्टिल्ड वॉटर. कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच घ्या, नुसता हिरवा की गुलाबी रंग बघून नको.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, कोडोलीत चढ शोधायला लांब जायला नको. हीटर परत फुल गरम, इंजिन चालू, वरचा होज अधूनमधून दाबा, बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल तसं भरत राहा. होज गरम व्हायला लागला की झाकण लावून टाका. हवा राहिली की काटा परत वर जातो आणि माणूस म्हणतो कूलंटच खराब निघालं. काही गाड्यांना हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, काहींना रेडिएटरवर झाकणच नसतं, कूलंटच्या डब्यातूनच भरायचं, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

जुनं कूलंट गटारीत किंवा झाडाखाली ओतू नका, हात जोडून सांगतो. चवीला गोड असतं, गल्लीतलं कुत्रं चाटतं आणि मरतं, लहान मुलांनाही तितकंच विषारी. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.

दुसऱ्या दिवशी गार गाडीत कूलंटच्या डब्यावर पातळी मिन-मॅक्स खुणांच्या मध्ये आहे का बघा, मग आठवडाभर रोज. परत कमी झाली, किंवा डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं लागलं, किंवा भरूनही काटा चढला तर दोष दुसरीकडं आहे, कुठंतरी गळती, थर्मोस्टॅट, पंखा, पाण्याचा पंप यातलं काहीतरी, तेव्हा यवतेश्वर नको, गाडी आधी मेकॅनिककडं न्या.