कॅनडात शेतावर जाणाऱ्या मेक्सिकन मजुरांना खरंच चांगले पैसे मिळतात का? आपल्याकडच्या लोकांना असं काम मिळेल का?

पैसे मिळतात, मेक्सिकोतल्या शेतमजुरीच्या मानाने कितीतरी जास्त. पण प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण यावरून माझं आणि माझ्या आतेभावाचं कधीचं वाजलंय.

२०१२ च्या उन्हाळ्यात मी कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात विंडसरला शिकत असताना जवळच्या लेमिंग्टनच्या एका ग्रीनहाउसमध्ये टोमॅटो पॅकिंगला होतो. तिथे मेक्सिकोतल्या वाहाका राज्याकडचा एक माणूस होता, पंचेचाळिशीचा, नवव्यांदा आलेला. क्रेट उचलताना त्याच्या कंबरेत चमक भरली तर फडकं करकचून बांधलं आणि परत कामाला. मोडक्या इंग्रजीत, खाणाखुणा करून त्याला सांगितलं की डॉक्टरकडे जाऊ, तुमचा पण सरकारी विमा आहे, तर हातच जोडले त्याने. मी शहाणा, सुपरवायझरला सांगून आलो, वाटलं हलकं काम देतील. आठवड्याच्या आत त्याला विमानात बसवलं. जाताना माझ्याकडे बघितलं पण नाही त्याने.

मग कळलं की १९७४ पासून मेक्सिकोची माणसं ज्या हंगामी शेतमजूर योजनेत येतात तिथं कामाचं परमिट एकाच मालकाकडे काम करण्यापुरतं असतं, जास्तीत जास्त आठ महिने, आणि हंगाम संपला की मालक शेरा लिहून सीलबंद पाकीट देतो, ते मजुरानेच नेऊन मेक्सिकोच्या सरकारी ऑफिसात द्यायचं. आत काय लिहिलंय त्याला माहीत नाही. पुढच्या वर्षी मालकाने नाव घेऊन बोलावलं तर बोलावलं. अशात दुखणं कोण सांगणार?

आतेभाऊ ब्रॅम्प्टनला असतो, म्हणतो स्वखुशीने येतात ना, नको तर येऊ नये. अरे, माझे आईबाप बीडवरून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचे, तीही स्वखुशीच का? आणि आपला कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, निदान नवराबायकोचा असतो, या योजनेतल्या मजुराला बायकापोरं आणताच येत नाहीत. पगारातून बेरोजगारी विम्याचे पैसे कापतात पण हंगाम संपल्यावर देशाबाहेर गेला की बेकारभत्ता नाही. ऑन्टॅरिओत शेतमजुराला ओव्हरटाइमचा जादा दर पण कायद्यानेच नाही. हे सगळं ऐकून आतेभाऊ म्हणतो तू इमोशनल होतोस. होतोच.

सगळे मालक तसे नसतात हेही सांगायला हवं, बाजूच्याच एका फार्मचा मालक स्वतः गाडी काढून माणसांना दवाखान्यात न्यायचा, तिथे तीच माणसं दरवर्षी परत दिसायची.

राहिला आपल्या लोकांचा प्रश्न. ही योजना फक्त मेक्सिको आणि कॅरिबियनच्या ११ देशांसाठी आहे. त्यामुळे या योजनेत बसवतो म्हणून कुणी एजंट लाखो रुपये मागत असेल तर देऊ नका. बाकी कुठल्या व्हिसावर कोणी गेलंच, तर परमिट एकाच मालकाचं आहे का ते सही करायच्या आधी बघा, आणि शेजारी काम करणारा दुखणं लपवत असेल तर आधी त्याला विचारा, मग सुपरवायझरकडे जा.