जळगावातली आमची सॉफ्टवेअर कंपनी डबघाईला आलीये. ग्राहक आणि गुंतवणूकदार परत कसे आणायचे?

आधी ग्राहक. गुंतवणूकदार त्यांच्याच मागून येतो.

मागे दाणाबाजारात एका आडत्याकडे बसलो होतो. गाडी भरून उभी आणि जीएसटीचं बिल छापताना सॉफ्टवेअर अडकलं. कंपनीचा फोन कोणी उचलेना. भाऊंनी कीबोर्ड बाजूला सारला, बिलबुक काढलं, कार्बन घातला. ‘आता हेच बरं,’ म्हणाले. असे ग्राहक सवलतीने परत येत नाहीत. सोडून गेलेल्यांची यादी काढा आणि मालकाने स्वतः रावेर, चाळीसगाव, जिथे असतील तिथे जाऊन त्यांच्या काउंटरवर तासभर बसावं. नवी फीचर्स तीन महिने बंद. फक्त तक्रारी मिटवा. आणि त्यांचा डेटा मागतील तेव्हा द्या, अडवून ठेवू नका.

पसारा कमी करा. १९९७ मध्ये ॲपल बुडायच्या बेतात होती. स्टीव्ह जॉब्सने बहुतेक उत्पादनं बंद केली आणि मायक्रोसॉफ्टसारख्या प्रतिस्पर्ध्याकडून १५ कोटी डॉलर घेतले.

गुंतवणूकदारांना दर महिन्याला एक पान पाठवा: बँकेत किती, किती महिने पुरेल, किती ग्राहक गेले, किती टिकले. वाईट आकडा सगळ्यात वर लिहा.