एमटीबी आहे, डोंगर नकोय: पुण्याच्या पूर्वेकडच्या सपाट वाटांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आळंदी ते तुळापूर या नदीकाठच्या कच्च्या वाटांबद्दल लिहिलं होतं आणि सहज म्हणून शेवटी एक ओळ टाकली होती की पुणेकरांना सायकल म्हटली की फक्त पश्चिमच दिसते. त्या ओळीवर बऱ्याच जणांनी लिहिलंय, काही चिडून पण. त्यातले निवडक प्रश्न घेतोय.

प्रश्न : मी आयटीत आहे, कोथरूडला राहतो. दिवाळीत हौसेनं एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेतली. ग्रुपमधले सगळे दर रविवारी सिंहगड नाहीतर वेताळ टेकडी करतात. मला चढ अजिबात आवडत नाही, दम लागतो म्हणून नाही, कंटाळा येतो. मग सपाटीवर एमटीबी चालवणं म्हणजे पैसे पाण्यात ना? हायब्रिड, म्हणजे बारीक टायरवाली, घ्यायला हवी होती का?

अरे, नाही. माउंटन बाइक म्हणून विकतात म्हणून ती डोंगरावरच न्यायची असं कुठंय. ती खरं तर वाईट रस्त्याची सायकल आहे, आणि वाईट रस्ता सपाटीवर पण भरपूर मिळतो, उलट आपल्याकडे जास्तच मिळतो. हडपसर, लोणी काळभोर सोडून आत गेलास की मुरूम, खडी, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, मध्येच फूटभर फुफाटा, नदीजवळ वाळू. हायब्रिडचं पस्तीस मिलिमीटरचं टायर त्या वाळूत रुततं आणि तू हँडल धरून ढकलत बसतोस. तुझ्या सायकलला सव्वादोन इंची टायर असेल, ते वरून निघून जातं.

दुसरी गोष्ट, सपाट म्हणजे सोपं हे ज्यांनी कधी पन्नास किलोमीटर सपाटी मारली नाही तेच म्हणतात. घाटात चढ संपला की उतार असतो, पाय सोडून बसता येतं. इथं उतारच नाही, सतत पेडल. आणि वारा विसरू नकोस. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणजे पूर्वेला जाताना पाठीत आणि घरी येताना थेट तोंडावर, दमलेला असतानाच. त्यात पुणे साधारण 560 मीटरवर आणि दौंड 515 च्या आसपास, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही पण परतीचा रस्ता हलकासा चढाचाच आहे. त्यामुळे नकाशात सपाट, मांडीत नाही.

एक बदल मात्र कर. टेकडीवर उतरायला सीट खाली ठेवायची सवय असते लोकांना, सपाटीवर ती वर घे, पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. पुढचं सस्पेन्शन डांबरी रस्त्यावर लॉक करून टाक, नाहीतर अर्धी ताकद ते वरखाली करण्यातच जाते. फुल सस्पेन्शनवाली घ्यावी का असं ग्रुपवर कोणी सुचवलं तर हसून सोडून दे.

प्रश्न : आम्ही मगरपट्ट्यात राहतो. मी, मिस्टर आणि बारा वर्षांचा मुलगा. तिघांकडे सायकली आहेत पण सोलापूर रोडवर मुलाला घालायची हिंमत होत नाही. नदी, देऊळ, थोडा इतिहास असा अर्ध्या दिवसाचा रूट सांगाल का? चढ नको.

ताई, तुमच्यासाठी थेऊर. आणि सोलापूर रोडनं अजिबात नको, तुमची भीती बरोबर आहे, त्या हायवेवर मोठी माणसं पण जीव मुठीत धरून चालवतात.

हडपसरहून मांजरी बुद्रुक, तिथून पुलावरून मुळा-मुठा ओलांडून मांजरी खुर्द, मग नदी उजव्या हाताला ठेवत कोलवडी आणि परत पूल ओलांडून थेऊर. मांजरीतलं रेल्वेच्या आसपासचं ट्रॅफिक तेवढं सकाळी लवकर पार करा, पुढं एकदम शेतं. मुख्य रस्ता डांबरीच आहे पण कोलवडीच्या आसपास उसातून आणि कांद्यातून जाणाऱ्या पाणंदी लागतात, मुलाला खरी मजा तिथंच येईल.

थेऊरला नदीनं गावाला मोठा वळसा घातलाय. चिंतामणी अष्टविनायकातला, हे सगळ्यांना माहीत, पण गर्दी दर्शन घेऊन परत फिरते आणि इतिहास तिथंच राहतो. थोरले माधवराव पेशवे आजारपणात इथंच येऊन राहिले आणि 18 नोव्हेंबर 1772 ला देवळाच्या आवारात गेले. सत्तावीस वर्षांचे. पानिपतानंतर मोडलेलं राज्य ज्यानं अकरा वर्षांत परत उभं केलं तो माणूस सत्तावीसचा होता हे बारा वर्षांच्या मुलाला तिथं उभं करून सांगा, पुस्तकात वाचण्यापेक्षा जास्त पोचेल. देवळाचा लाकडी सभामंडप त्यांनीच बांधलेला. रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या, त्यांचं स्मारक नदीकाठी आहे, पाच मिनिटांवर, तिकडं सायकल हातात धरून चालत जा.

परत त्याच वाटेनं या. कोणीतरी सांगेल की येताना कवडीपाट पण करून टाका, ते थेऊर फाट्यावरून हायवेलाच काढतं, मुलगा सोबत असताना नको. कवडीपाट वेगळ्या दिवशी, हिवाळ्यात.

आणि मिस्टरांना अजून खुमखुमी असेल तर त्यांनी एकट्यानं कोलवडीहून पुढं अष्टापूर, वाडेबोल्हाईकडं जावं. बोल्हाईचं देऊळ बघण्यासारखं आहे, आणि पुण्यात मटणाच्या दुकानावर ‘बोल्हाईचं मटण’ अशी पाटी दिसते ना, ती याच देवीमुळं. बोल्हाई ज्यांची कुलदेवता ते बोकडाचं खात नाहीत, मेंढीचं खातात. (हा मजकूर धार्मिक स्थळांच्या सदरात टाकावा की खाण्याच्या, यावर आमच्या ऑफिसात वाद झालेला आहे.)

प्रश्न : तुमच्या सांगण्यावरून तुळापूरला गेलो. परत येईपर्यंत मागचं चाक तीनदा पंक्चर. तुम्ही टायरबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. — पिंपरीहून एक वैतागलेला

काटे कुठले होते बघितलंस का? नदीकाठच्या वाटेवर दोन प्रकार. एक बाभळीचा, लांब, सरळ, पांढरा, शेतकरी कुंपणाला फांद्या लावतात त्या वाळून रस्त्यावर पडतात. दुसरा सराटा, जमिनीवर पसरणारं पिवळ्या फुलाचं बारीक झाड, त्याचं फळ वाळलं की कसंही पडलं तरी एक टोक वरच राहतं. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत हा सराटा सगळीकडं. रस्ता सोडून गवताच्या कडेनं गेलास की मिळालाच.

तीनदा एकाच चाकाला म्हणजे मला वाटतं काटा टायरमध्येच राहिला होता. नुसती ट्यूब बदलून उपयोग नाही, टायरच्या आतून सगळीकडं बोट फिरवायचं, हळू, कापतं, आणि टोक लागलं की चिमट्यानं ओढून काढायचं. चिमटा किटमध्ये ठेवच, नखानं निघत नाही. वारंवार जाणार असशील तर ट्यूबलेस करून आत सीलंट भरून घे, सराट्याची भोकं चालता चालता बुजतात आणि तुला कळत पण नाही. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, काही महिन्यांनी बघत राहायचं.

हवेचं सांगतो. लोक दुकानातून चाळीस-पन्नास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून घेतात आणि मग कच्च्यावर दात वाजतात. सत्तर किलोचा माणूस, सव्वादोनचं टायर, आत ट्यूब, तर तीसच्या आसपास बास. फार कमी करू नकोस, दगडावर आपटलं की रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी जोडी दिसली तर दोष काट्याचा नाही, कमी हवेचा.

आणि पाऊस पडून गेला असेल तर भीमेकाठच्या काळ्या मातीत जाऊच नकोस, अगदी एक दिवस ऊन पडलं तरी नको. ती माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थरावर थर चिकटत जाते, शेवटी फोर्कमध्ये अडकून चाक फिरायचंच बंद होतं. मग खांद्यावर सायकल, आणि आता तिचं वजन दुप्पट. मुरमाची वाट दुसऱ्या दिवशी चालते, काळी माती नाही.

तुळापूरबद्दल बाकीच्यांसाठी: आळंदी, मरकळ, तुळापूर. भीमा, भामा, इंद्रायणीचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ. संभाजी महाराजांना 11 मार्च 1689 ला औरंगजेबानं मारलं ती ही जागा, समाधी तुळापूरला आणि भीमेपलीकडं वढू बुद्रुकला. तिथं जर्सी-हेल्मेटमध्ये हसत सेल्फी काढणारे बघितले की वाईट वाटतं, असो. फाल्गुन अमावस्येच्या आसपास इकडं प्रचंड गर्दी असते, 1 जानेवारीला पेरणे फाट्याला जयस्तंभावर लाखो लोक येतात आणि नगर रोडची वाहतूक वळवतात, कार्तिकी वारीला आळंदीत पाय ठेवायला जागा नसते. या दिवसांत सायकल घेऊन जाऊ नका, दर्शनाला जायचं असेल तर जरूर जा.

प्रश्न : नदीकाठ नदीकाठ काय लावलंय? मुळा-मुठेच्या काठी फेस, प्लास्टिक आणि वास. आणि तुम्ही ‘झाडीतून जाणारी सपाट वाट’ म्हणता, पुण्याच्या पूर्वेला झाडी आहेच कुठं? नुसता माळ. — सहकारनगरहून एक निवृत्त

काका, पहिल्या अर्ध्याला माझं उत्तर नाही, तुम्ही बरोबर आहात. कवडीपाटला बंधाऱ्यावर अख्ख्या शहराचा कचरा येऊन अडकतो आणि पाणी पडताना फेसाचे ढीग होतात, नाकाला रुमाल लागतो. पण त्याच पाण्यात हिवाळ्यात चक्रवाक उतरतात, शेकाटे लांब लाल पायांवर फिरत असतात, नदी सुरय, धोबी, चित्रबलाक. पक्षी आलेत म्हणजे नदी ठीक आहे असं नाही हं, काही पक्ष्यांना घाण पाण्यातलं खाणं जमतं एवढंच. इंद्रायणी आळंदीला तशीच फेसाळते. तुलनेनं भीमा बरी.

दुसऱ्या अर्ध्यावर मात्र भांडतो. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि पूर्वेला येईपर्यंत पाऊस कमी कमी होत जातो, मग इथं मुळशीसारखी गर्द झाडी कशी येणार. इथलं रान विरळ आहे: बाभूळ, हिवर, बोर, लिंब, ओढ्याला करंज, मध्ये गवत. त्याला आपण माळ म्हणून नावं ठेवतो. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, 1997 साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि ते चिंकारांसाठी आहे. त्या बाजूच्या माळांवर लांडगा आहे, खोकड आहे. यांना गर्द जंगल नकोच असतं. या बाजूला माळावर वनखात्यानं रोपं लावून झाडी करायचा जो उत्साह असतो त्याबद्दल मला शंका आहे पण तो वेगळा विषय.

अभयारण्याच्या आत मात्र सायकल मनानं घालायची नाही, गेटवर विचारायचं, नाही म्हणाले तर नाही. बाहेरून गावांना जोडणाऱ्या वाटा पुरेशा सपाट आणि पुरेशा सुंदर आहेत, पावसानंतरच्या दोन महिन्यांत तर गवत कमरेएवढं असतं.

प्रश्न : मी एकटी जाते, विश्रांतवाडीहून. लोकांपेक्षा मला कुत्र्यांची आणि आता बिबट्याची भीती वाटते. ही भीती उगाच आहे का?

उगाच नाही. शिरूर, दौंड, हवेलीच्या उसात बिबटे आहेत, राहतात, पिल्लं पण तिथंच वाढवतात. म्हणून उजाडल्याशिवाय उसाच्या पट्ट्यात शिरायचं नाही आणि दिवस मावळायच्या तासभर आधी बाहेर. पहाटे पाचला हेडलाइट लावून पाणंदीत घुसण्याची जी फॅशन आहे ती इथं बंद करा. उसाला खेटून थांबून, खाली वाकून पंक्चर काढत बसू नका, मोकळ्या जागेपर्यंत चाक ढकलत न्या, टायर खराब झालं तरी चालेल. गावात चहाला थांबलं की विचारा, “इकडं वाघ दिसला का हल्ली?” असंच विचारा, गावात बिबट्याला वाघच म्हणतात, आणि लोक नेमकं सांगतात कुठल्या शिवारात.

कुत्र्यांचं: वस्तीवरची कुत्री भुंकून थांबतात. धनगरांच्या कळपाबरोबरची थांबत नाहीत, त्यांचं कामच ते आहे. दिवाळीनंतर या भागात त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट तळ, उतरतात. मेंढरं दिसली की लांबूनच उतरा, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, हळू चाला आणि धनगराला हाक मारा, “दादा, कुत्री आवरा.” सायकल पळवायचा प्रयत्न नको, कच्च्यावर तुम्ही जिंकणार नाही.

आणि तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतोय तर सांगून टाकतो, हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर हे बिबट्यापेक्षा जास्त घातक. मागची ट्रॉली हेलकावते. हॉर्न ऐकू आला की रस्ता सोडून उभं राहायचं.

प्रश्न : पाटाच्या कडेचा रस्ता चालतो का? आणि शेतातून गेलं तर कोणी अडवतं का? (हे दोन-तीन जणांनी विचारलंय)

पाटाकडेची वाट सायकलसाठी सगळ्यात सपाट, कारण पाणी नुसत्या उतारानं न्यायचं म्हणून पाट डोंगराच्या अंगाअंगानं, जवळजवळ एकाच उंचीवरून काढलेला असतो. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा असाच शहरातून हडपसर, लोणी करत पार इंदापूरकडं जातो. पण जागा पाटबंधारे खात्याची आहे, काही ठिकाणी फाटक आहे, काही ठिकाणी अतिक्रमण, काही ठिकाणी काठच खचलाय. बोर्ड असेल तिथं जाऊ नका. रोटेशन सुरू असताना, म्हणजे पाटाला पाणी सोडलेलं असताना, लहान मुलांना तिथं अजिबात नको, काठाला पकडायला काही नसतं आणि पाण्याला ओढ फार.

शेताचं सोपं आहे. पाणंद आणि शिवरस्ता सगळ्यांचा, गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते, पायवाट एकेरी. बांध मात्र शेतकऱ्याचा. बांधावरून सायकल घातली की बांध ढासळतो आणि शिव्या खाव्या लागतात, त्या योग्यच असतात. नुकतं पाणी दिलेलं रान दिसलं, ठिबकच्या नळ्या दिसल्या, तर उतरून सायकल उचला. कोणी अडवलं तर गुगल मॅप दाखवू नका, “मामा, नदीला वाट कुठनं आहे?” विचारा. बहुतेक वेळा मॅपमध्ये नसलेली वाट तेच दाखवतात, कधी कधी गाडीवर पुढं येऊन.

पुढच्या अंकात भिगवण आणि उजनीचं पाणलोट घेतोय, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं तिकडचं. प्रश्न असतील तर महिनाअखेरपर्यंत पाठवा, सायकलचं मॉडेल आणि टायरचा साइज लिहा म्हणजे परत विचारायला लागणार नाही.