नेमाडेंची ‘कोसला’ तीन महिन्यांत निम्मीही झाली नाही, मित्रांनी दोन दिवसांत संपवली. सोडून देऊ का?

नका सोडू. तीन महिन्यांचं काय घेऊन बसलात, मला अकरा लागले.

२००९ सालची गोष्ट. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, मागच्या शेडमध्ये चादरीचे माग. शाळा मराठी होती, तरी स्वतःहून हातात घेतलेली पहिली कादंबरी हीच. माग चालू असताना वाचणं शक्यच नाही. कांडी संपते, धागा तुटतो, खडखडाटात शेजारचा काय बोलतो तेही कळत नाही. दुपारी लोडशेडिंग सुरू झालं की सगळं एकदम गप्प. मग मी दारात सुताच्या पोत्यावर बसायचो. लाईट आली की सुताचा तुकडा खुणेला ठेवायचा आणि उठायचं. कादंबरीचा नायक सांगवीकर पुण्यात बापाचे पैसे उडवत तिथंच थांबलेला.

अकरा महिने असं चाललं की सांगवीकरचं ‘वगैरे’ तोंडात बसतं. मी वडलांना एकदा सांगितलं, “पार्टीला चादरी वगैरे पाठवल्या.” ते म्हणाले, “वगैरे म्हणजे किती डझन?”

आमचा थोरला चुलतभाऊ, अण्णा, पुण्याला शिकलेला. त्यानं होस्टेलवर दोन रात्रींत वाचलेली. गड्ड्याच्या जत्रेला आला की सगळ्यांसमोर विचारायचा, “संपली का बे? लेखकानं दोन-तीन आठवड्यांत लिहिली, तुला वाचायला वर्ष?” सगळे हसायचे. मीही हसायचो.

खरं म्हणजे मी अडलो होतो मनीपाशी. ते प्रकरण वाचलं तेव्हा माझी धाकटी बहीण समोर कांड्या भरत बसली होती. पुढचं पान उलटेना. पुस्तक वाचनालयात परत दिलं आणि थेट दसऱ्यानंतर पुन्हा काढलं. पुढं तो अजिंठ्याला जातो, तेही मी चार-पाच दुपारी पुरवून वाचलं. दोन दिवसांत संपवणाऱ्यांनी तिथं काय केलं असेल मला कळत नाही. कादंबरी १९६३ची आहे, तुमच्यासाठी आणखी वर्षभर थांबली तर तिचं काही बिघडत नाही.

अभ्यासक्रमाला लावली असेल तर मात्र माझं ऐकू नका, परीक्षा थांबत नाही. आणि सुरुवातीची तीस-चाळीस पानं एका दमात घ्या. तो असा का बोलतो ते तुकड्यातुकड्यांत कळत नाही, मी दोनदा पहिल्यापासून सुरू केली होती. मनीचं तुम्ही अजून वाचलं नसेल तर माफ करा, सांगायला नको होतं. पण आता खालचंही सांगतोच.

पुढच्या जत्रेत मी अण्णाला विचारलं, मनीचं वाचल्यावर तुला झोप लागली का? शेंगा सोलत म्हणाला, “कोण मनी?”

तेव्हा मोठी माणसं बसली होती, मी गप्प राहिलो. अण्णा, तू हे वाचत असशील तर सांगतो. सांगवीकरची धाकटी बहीण. देवीनं गेली.