ताई, त्याची गाणी बंद करू का?

मुलाची भूमितीची वही त्या आईनं माझ्यासमोर उघडून ठेवली. रडून झालेलं होतं, डोळे नुसते सुजलेले होते. त्रिकोणांच्या आकृत्यांखाली पेन्सिलीनं, अगदी नीटस अक्षरात एक इंग्रजी ओळ लिहिली होती. तिचा अर्थ असा: सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या कलाकारांचं काय घेऊन बसलात, आम्ही तर एकविशीसुद्धा ओलांडत नाही. मुलगा पंधरा वर्षांचा. "ताई, हा मरायचं म्हणतोय का? याची ती गाणी बंद करू का?"

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत मी किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करते. गायकाचं नाव बदलतं, पण हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या आईवडिलांकडून येतोच. या घराची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत.

ती ओळ ज्यूस वर्ल्ड या अमेरिकन रॅपरची, 'लीजंड्स' या त्याच्या गाण्यातली. खरं नाव जॅरड हिगिन्स. जन्म २ डिसेंबर १९९८, शिकागो. तो वाढला ते होमवूड गाव या कुटुंबाच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या आत येतं. ८ डिसेंबर २०१९ रोजी, एकविसावा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले होते, तेव्हा शिकागोच्याच मिडवे विमानतळावर त्याला आकडी आली आणि तो गेला. ऑक्सिकोडोन आणि कोडीन यांच्या अतिसेवनानं अपघाती मृत्यू, असं शवचिकित्सेनंतर जाहीर झालं. गाण्यातली ओळ जवळजवळ खरी ठरली. तिच्या मुलाला हे सगळं तारखेनिशी पाठ होतं आणि तिला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मुलगा मनगटावर पेननं ९९९ लिहायचा, त्याचा शोध घेताना तिला ६६६ हा सैतानाचा आकडा सापडला आणि ती आणखीनच घाबरली. जॅरडनं सांगितलेला अर्थ नेमका उलट होता: ६६६ उलटा केला की ९९९ होतो, म्हणजे वाट्याला आलेल्या वाईटातून काहीतरी चांगलं घडवायचं.

वडिलांनी तोवर फोन काढून घेतला होता. मुलानं जेवायला खाली येणं सोडलं होतं.

मी तिला म्हटलं, त्याचा फोन परत द्या, आणि त्याला माझ्याकडे पाठवा. मधल्या शनिवार-रविवारी मी स्वतः ती गाणी ऐकली. मला रॅप कळत नाही असं म्हणून सुटता येत नाही, मुलं ते लगेच ओळखतात. ऐकल्यावर मला जॅरड या पोराबद्दल खरोखर वाईट वाटलं. चौथ्या वर्षापासून पियानो, पुढे गिटार, ड्रम्स. आई धार्मिक वृत्तीची, घरात रॅपला मनाई, म्हणून व्हिडिओ गेममधून कानावर पडलेलं रॉक त्याच्या गळ्यात उतरलं. शाळेत असताना फोनवर गाणी रेकॉर्ड करून तो साउंडक्लाउड या गाण्यांच्या संकेतस्थळावर टाकायचा. २०१८ मध्ये त्याचं 'लुसिड ड्रीम्स' बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. स्टिंगच्या जुन्या गाण्यातली गिटारची सुरावट आणि तिच्यावर मोडलेल्या मनाचं गाणं. २०१९ मध्ये दुसरा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर. अवघ्या दीड-दोन वर्षांचा खेळ.

पण आईची भीती निराधार होती असं मी म्हणणार नाही. खोकल्याचं कोडीनयुक्त औषध सोड्यात मिसळून प्यायची 'लीन'ची सवय जॅरडला सहावीत असतानाच लागली, आणि त्याचं कुतूहल फ्यूचर या रॅपरच्या गाण्यांतून जागं झालं, हे त्यानं मुलाखतींत स्वतः सांगितलंय. पुढे त्या दोघांनी मिळून अल्बमही काढला. त्यामुळे 'गाण्यांनी काही होत नाही हो' हे वाक्य मी पालकांना ऐकवत नाही. हे फक्त अमेरिकेतच होतं असंही कुणी समजू नये. याच जगातली झॅनॅक्स ही चिंतेवरची गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, आणि मालेगावात तीच 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाते.

मुलगा आला. वीस मिनिटं बूट बघत बसला. मी एवढंच विचारलं, "मला कळावं म्हणून एकच गाणं लावायचं असेल तर कुठलं लावशील?" त्यानं वर पाहिलं आणि 'विशिंग वेल' लावलं. हे गाणं जॅरड गेल्यावर, २०२० मध्ये आलं. त्यात तो म्हणतो, आता मी तुला बरा आहे असं सांगतो, पण ते खोटं आहे, तुला काळजी नको म्हणून सांगतो. गाणं संपलं. मी विचारलं, "हे तू कुणाला सांगतोस?"

"आईला. रोज."

मग हळूहळू बाहेर आलं. जिवलग मित्राचं कुटुंब टेक्ससला गेलं. जेवताना डब्याभोवती बसणाऱ्या घोळक्यात आता जागा नाही. चार महिने रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही. हे सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते, इंग्रजीत नव्हते आणि मराठीत तर नव्हतेच. ते त्यानं एकवीस वर्षांच्या मुलाकडून उसने घेतले होते.

मी सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का?" पालकांना या प्रश्नाची फार धास्ती असते, आपणच त्याच्या डोक्यात घालू असं वाटतं. तसं होत नाही. विचारल्यानं मूल मोकळं होतं. तो म्हणाला, "कधीकधी वाटतं, सकाळ होऊच नये." मग बराच वेळ थांबून, "बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या गोळ्या वरच्या बाथरूममध्ये आहेत. अकरा आहेत."

त्या आकड्यानं माझ्या हातापायांतलं बळ गेलं. त्यानं एकही घेतली नव्हती. पण मोजल्या होत्या. मी त्याला सांगितलं, बाळा, बाकीचं आपल्या दोघांत राहील, हे राहणार नाही. आत्ता आईबाबांना बोलावणार आहे आणि काय बोलायचं ते आपण दोघं ठरवू. तो चिडला नाही. मला वाटतं, त्याला ते हवंच होतं.

आईवडील रोज त्याचं दप्तर तपासत होते, आणि अफूवर्गीय वेदनाशामकांची उरलेली बाटली मात्र त्यांच्याच कपाटात उघडी पडून होती! मेंदूचं श्वास चालू ठेवण्याचं काम ही औषधं मंदावतात, आणि ज्या दोन औषधांनी जॅरड गेला ती याच कुळातली. वडिलांनी त्याच रात्री ती बाटली पोलीस ठाण्यातल्या नको असलेली औषधं परत घेणाऱ्या पेटीत टाकली. दोन दिवसांत आम्ही मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवली. नैराश्याचं निदान झालं, उपचार सुरू झाले. शाळेबाहेर मिळणाऱ्या सुट्या गोळ्यांत फेन्टानिल, याच कुळातलं पण फार तीव्र औषध, मिसळलेलं असू शकतं, तेव्हा एका गोळीनंही जीव जातो, हे मी तिघांना एकत्र बसवून सांगितलं. अतिसेवनावर उतारा म्हणून नालोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे अमेरिकेत २०२३ पासून चिठ्ठीविना मिळतो. तो घरात ठेवायला सांगितला. वडिलांना ते अपमानास्पद वाटलं. मी म्हटलं, आग लागणार म्हणून आपण अग्निशामक ठेवत नाही, दादा.

गाण्यांचं काय, हे आईनं पुन्हा विचारलं. बंदी घालू नका, असंच माझं उत्तर आहे, आणि मी त्यावर ठाम आहे. बंदी घातली की तो हेडफोन लावून ऐकेल आणि तुम्हाला वही सापडणंही थांबेल. त्याच्याबरोबर बसून ऐका. आवडलं नाही तर तसं सांगा, पण आधी विचारा, यातली तुझी ओळ कुठली? गाण्यापेक्षा बाकीच्या गोष्टींवर नजर ठेवा: झोप, जेवण, मित्र, आवडीच्या वस्तू अचानक वाटून टाकणं, गोळ्यांची बाटली. यातलं काही बदललं तर वाट पाहू नका. अमेरिकेत ९८८ या मानसिक संकटातल्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

तिला मी कार्मेला वॉलेसबद्दल सांगितलं, जॅरडच्या आईबद्दल. मुलाचं व्यसन या बाईनं लपवलं नाही. २०२० मध्ये तिनं 'लिव्ह फ्री ९९९' हा निधी उभा केला, चिंता, नैराश्य आणि व्यसनाशी झगडणाऱ्या तरुणांसाठी. आपल्याकडे अशा मृत्यूनंतर पहिलं वाक्य असतं, 'बाहेर कुणाला बोलू नका'. ते ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी सासरी कुणालाच सांगितलं नाहीये, ताई." मी म्हटलं, एका माणसाला तरी सांगा. तिनं नणंदेला सांगितलं.

पुढे एकदा मुलानं वडिलांना एक मुलाखत दाखवली. त्यात जॅरड तासाभराहून जास्त वेळ, समोर काहीही लिहिलेलं नसताना, न थांबता रॅप करत राहतो. वडील इंजिनिअर. ते म्हणाले, "अरे, हा अडखळत कसा नाही?" मग बापलेक अर्धा तास त्यावरच बोलत होते. मुलगा मला हे सांगताना दोनदा हसला.

त्याला पूर्ण बरं वाटतंय असं नाही. झोप सुधारली आहे, एक नवा मित्र झाला आहे, मधले काही दिवस अजून वाईट जातात. ती ओळ भूमितीच्या वहीत तशीच आहे. खोडायला लावू का, असं आईनं मागच्या आठवड्यात विचारलं. नको, म्हटलं. वही त्याची आहे. दर दुसऱ्या गुरुवारी तो येतो, तेव्हा त्या ओळीबद्दल मी त्याला विचारतेच.