अहवालात ‘सात ठिपके’ : म्हणजे एमएसच का?

प्रश्न : माझे वय 31 असून मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिकवते. काही महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या पायापासून कमरेपर्यंत बधिरपणा आला आणि मान खाली घातली की पाठीतून वीज सरकल्यासारखे वाटू लागले. साधारण तीन आठवड्यांत हे सारे ओसरले. न्यूरोलॉजिस्टनी मेंदूचा एमआरआय काढायला लावला. त्याच्या अहवालात ‘दोन्ही बाजूंच्या श्वेतद्रव्यात सात टी-टू, फ्लेअर हायपरइंटेन्स ठिपके; डिमायलिनेशनची शक्यता; क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’ असे लिहिले आहे. आता त्यांनी मानेचा एमआरआय, रक्ताच्या तपासण्या आणि पाठीतील पाण्याची तपासणी सांगितली आहे, पण ‘एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे असे आज म्हणणार नाही’ असेही ते म्हणतात. सात ठिपके दिसत असताना आणखी वाट कशाची पाहायची? पाठीत सुई घेतली की कंबर कायमची जाते असे घरातील मंडळी म्हणतात. ही तपासणी टाळता येईल का?

उत्तर : अहवालातील सर्व शब्दांपैकी ‘सात’ या शब्दावर आपले लक्ष सर्वाधिक खिळले आहे आणि निदानाच्या दृष्टीने त्यालाच सर्वांत कमी महत्त्व आहे. टी-टू आणि फ्लेअर या पद्धतींच्या चित्रांत जेथे ऊतीतील पाण्याचे प्रमाण वाढलेले असते तो भाग पांढरा उजळ दिसतो. हा उजळपणा मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण दाहामुळे झिजल्याने येऊ शकतो (यालाच डिमायलिनेशन म्हणतात आणि एमएसमध्ये मेंदू व मज्जारज्जूत हेच घडते), तसाच तो बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराने, दीर्घकाळच्या अर्धशिशीने, अनियंत्रित रक्तदाबाने, धूम्रपानाने किंवा केवळ वाढत्या वयानेही येतो. रेडिओलॉजिस्टसमोर चित्र असते, रुग्ण नसतो. म्हणूनच ते ‘क्लिनिकल कोरिलेशन’, म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताळमेळ घालून पाहावे, असे लिहून पुढचे काम आपल्या डॉक्टरांकडे सोपवतात. अनेकांना ही पळवाट वाटते, पण माझ्या मते अहवालातील सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच असते.

ठिपके किती आहेत यापेक्षा ते कोठे आहेत आणि कसे दिसतात, हे न्यूरोलॉजिस्ट पाहतात. एमएसच्या निदानासाठी जगभर मॅकडोनाल्ड निकष वापरले जातात. 2001 मध्ये ते प्रथम मांडले गेले आणि त्यानंतर अनेकदा सुधारले गेले. 2017 च्या सुधारणेनुसार चार जागा महत्त्वाच्या ठरतात : मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेचा भाग, मेंदूच्या बाह्य थराला लागून असलेला किंवा त्या थरातील भाग, मेंदूचा खालचा भाग म्हणजे लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ, आणि मज्जारज्जू. यांपैकी किमान दोन ठिकाणी एमएसला साजेसा ठिपका दिसला, तर आजार एकाहून अधिक जागी पसरला आहे असे म्हणता येते. 2024 च्या सुधारणेत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टिमज्जा ही पाचवी जागा धरण्यात आली आहे. एमएसचे ठिपके बहुधा किमान 3 मिलिमीटर लांबीचे, लंबगोल आणि पोकळीच्या कडेला काटकोनात उभे असतात, कारण दाह लहान शिरांच्या भोवतीने पसरतो. स्कॉटलंडच्या जेम्स डॉसन यांनी 1916 मध्ये मृतांच्या मेंदूंचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून ही रचना वर्णिली होती आणि आज एमआरआयवर तीच ‘डॉसन फिंगर्स’ या नावाने ओळखली जाते. श्वेतद्रव्याच्या खोल भागात विखुरलेले बारीक गोल ठिपके मात्र कितीही असले तरी ते एवढ्यावरून एमएसकडे बोट दाखवत नाहीत. आपल्या अहवालात ठिपक्यांची जागा ‘श्वेतद्रव्य’ इतकीच लिहिली आहे. त्यामुळे न्यूरोलॉजिस्टना मूळ फिल्म व सीडी दाखवणे आवश्यक आहे, केवळ कागदावर भागणार नाही.

जागेखेरीज दुसरी अट काळाची असते. आजार एकाहून अधिक वेळा घडल्याचा पुरावा लागतो. शिरेतून गॅडोलिनियम हे औषध देऊन एमआरआय काढला असता ताजा ठिपका चमकतो, जुना चमकत नाही. ही चमक साधारणपणे काही आठवडेच टिकते. एकाच चित्रात चमकणारे आणि न चमकणारे असे दोन्ही प्रकारचे ठिपके दिसले, तर काळाची अट एका तपासणीतच पूर्ण होते. अन्यथा काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढून नवा ठिपका आला आहे का हे पाहतात, किंवा पाठीतील पाण्याकडे, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाकडे, वळतात. त्या पाण्यात आणि त्याच वेळी घेतलेल्या रक्तात ‘ऑलिगोक्लोनल बँड’, म्हणजे प्रतिपिंडांचे विशिष्ट पट्टे, तपासतात. हे बँड फक्त पाण्यात आढळले, तर 2017 च्या निकषांनुसार काळाचा पुरावा त्यांच्यावरून धरता येतो. मात्र ते आढळले नाहीत म्हणजे एमएस नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नये. आशियाई रुग्णांत त्यांचे प्रमाण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा कमी आढळले आहे.

आता सुईविषयी. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून घातली जाते. त्यामुळे सुईने मज्जारज्जूला इजा होऊन पाय कायमचे लुळे पडतील ही भीती अनाठायी आहे. टोचलेल्या जागी काही दिवस दुखणे आणि उठून बसल्यावर वाढणारी, आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी हे त्रास मात्र होऊ शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती डॉक्टरांना आधीच सांगावी. ही तपासणी प्रत्येकाला लागतेच असे नाही. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूत ठिपका सापडला आणि निकष तेवढ्यावरच पूर्ण झाले, तर ती कदाचित टळेलही. म्हणून आधी मानेचा एमआरआय करून मग पाण्याविषयी ठरवता येईल का, असे आपण डॉक्टरांना विचारण्यास काहीच हरकत नाही.

मान वाकवताना वीज सरकल्यासारखे वाटणे, याला लेर्मित चिन्ह म्हणतात. या बोलक्या लक्षणाकडे मला सातही ठिपक्यांपेक्षा अधिक लक्ष द्यावेसे वाटते. त्याचा रोख मानेतील मज्जारज्जूकडे असतो. पण तेही एकट्या एमएसचे लक्षण नव्हे. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि मानेची गादी सरकून येणारा दाब, या दोन्हींत ते दिसू शकते आणि आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-12 ची कमतरता मुळीच दुर्मीळ नाही. बी-12 च्या तपासणीचा खर्च त्या मानाने किरकोळ असून उपाय सोपा आहे.

न्यूरोलॉजिस्टच्या सावधगिरीचे एक गंभीर कारण आहे. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा दृष्टिमज्जा आणि मज्जारज्जू यांना ग्रासणारा वेगळा आजार वरवर एमएससारखा दिसतो, आणि इंटरफेरॉन बीटा, फिंगोलिमॉड यांसारख्या एमएसच्या काही औषधांनी तो बळावू शकतो. रक्तातील अ‍ॅक्वापोरिन-4 प्रतिपिंडांची चाचणी, तसेच गरजेनुसार मॉग (मायलिनवरील एक प्रथिन) प्रतिपिंडांची चाचणी, हा फरक दाखवण्यासाठी असते. उपचार लवकर सुरू करण्याचे फायदे आहेत हे खरेच. पण ते उपचार त्याच आजाराचे असतील तरच. म्हणून हे काही आठवडे आपण नुसते वाट पाहण्यात घालवत आहात असे समजू नये.

तोपर्यंत स्वतःहून किंवा कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नये. त्याने ताज्या ठिपक्याची चमक मावळते आणि चित्र संदिग्ध होते. पूर्वी एका डोळ्याने काही दिवस अंधुक दिसले होते का, डोळा फिरवताना दुखत होते का, लाल रंग फिका दिसत होता का, हे आठवून तारखांसह लिहून ठेवावे. नवे लक्षण ताप किंवा संसर्ग नसताना 24 तासांहून अधिक टिकले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता संपर्क साधावा, आणि पायांची शक्ती जाणे, लघवी अडणे किंवा दृष्टी झपाट्याने कमी होणे यांपैकी काही घडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझ्या 27 वर्षांच्या भावाचा दुचाकीवरून पडल्यानंतर मेंदूचा एमआरआय काढला. मार काही नव्हता, पण ‘एमएससदृश ठिपके’ निघाले. त्याला आजवर कसलाही त्रास झालेला नाही. आता काय समजावे? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : लक्षणे नसताना योगायोगाने असे ठिपके सापडण्याला 2009 पासून ‘रेडिओलॉजिकली आयसोलेटेड सिंड्रोम’ असे नाव आहे. अशा व्यक्तींच्या मोठ्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश जणांना पाच वर्षांत आणि जवळजवळ निम्म्यांना दहा वर्षांत पहिले लक्षण आले. उरलेल्यांना तेवढ्या काळात काहीच झाले नाही. हे आकडे ठिपके खरोखरच एमएसच्या धाटणीचे असतील तरच लागू पडतात. म्हणून पहिली पायरी म्हणजे एमएसचा अनुभव असलेल्या न्यूरोलॉजिस्टकडून मूळ चित्रे वाचून घेणे. मज्जारज्जूत ठिपका असणे आणि वय कमी असणे यांनी शक्यता वाढते, त्यामुळे कण्याचाही एमआरआय एकदा करावा. 2024 च्या निकषांनुसार काही विशिष्ट पुरावे जुळल्यास लक्षणांविनाही एमएसचे निदान करता येते, तेव्हा ‘त्रास नाही, म्हणजे दाखवायला नको’ असे म्हणून हा अहवाल कपाटात ठेवू नये. पुढील एमआरआय शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर काढावा, म्हणजे दोन चित्रांची तुलना विश्वसनीय होईल. भावाला धूम्रपानाची सवय असेल तर ती मात्र आजच सोडायला सांगावे.